शिंकेच्या आधी

आमच्या लहानपणी औंढ्यातल्या म्हाताऱ्या बायका हसताना मांडीला मांडी आवळून बसायच्या. खोकल्याची उबळ आली की खांब धरायच्या, शिंक येतेय असं वाटलं की आधी खाली टेकायच्या आणि मग शिंकायच्या. आम्हा पोरींना वाटायचं, ही मोठ्या माणसांची रीत असेल. वय झालं की शिंकसुद्धा मर्यादेत घ्यायची असते. आता आम्ही त्या वयाला आलो आहोत आणि ती रीत कशाची होती ते कळलं आहे. त्या ओट्यावर टेकून शिंकायच्या, आम्ही सोफ्यावर टेकून शिंकतो. प्रगती म्हणायची तर एवढी झाली आहे.

विषय लघवीचा आहे, हे आधीच सांगून टाकते. लघवी निसटण्याचा, अंग खाली सरकण्याचा, आणि ऑपरेशन न करता त्यावर काय करता येतं याचा. ज्यांना इथंच पान उलटावंसं वाटेल त्यांनी खुशाल उलटावं; आमच्या पिढीनं आयुष्यभर तेच केलं.

तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यात होतं आणि घरात संडास नव्हते. पहाटे, देवळातली घंटा वाजायच्या आधी, गल्लीतल्या बायका टमरेल घेऊन निघायच्या. एकीनं दुसरीच्या दाराची कडी वाजवायची, दुसरीनं तिसरीच्या. पुरुष माणसं उठायच्या आत परत यायचं. एकदा उजाडलं की दिवेलागणीपर्यंत धरून ठेवायचं, म्हणून पाणीच कमी प्यायचं. लघवीला आग झाली की ती उष्णता, आणि उष्णतेला धने-जिऱ्याचं पाणी. विंचवाचं भय, सापाचं भय, आणि सायकलवरून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅटरीच्या उजेडाचं सगळ्यांत जास्त भय. उजेड दिसला की सगळ्या जणी अर्ध्यातून उठून उभ्या राहायच्या. या दिवसांची आठवण काढून कुणी गळा काढू लागलं, तर त्याला भर आषाढात एकदा त्या बांधावर नेऊन बसवावं.

तरीही त्या अंधारात एक सोय होती. तोंड दिसत नसल्यामुळं बोलता यायचं. "माय, चार दिवसापून अंग बाहेर येऊलालंय गं," असं एखादी म्हणायची. लगेच पलीकडून दुसरी, "माझंबी येतंय. आडवं पडून बोटानं आत सारायचं आन् जड उचलायचं नाही." कुणी म्हणायचं, खोकलं की लुगडं भिजतं. कुणी म्हणायचं, घागर उचलली की भिजतं. उपाय कुणाकडंच नव्हता, पण ऐकायला सहा-सात जणी होत्या. परत येताना त्यातलं अक्षरही गल्लीत शिरत नसे. वेशीच्या आत आलं की विषय डाळीच्या भावावर.

आता घराघरात संडास आहे. काही घरांत दोन आहेत, त्यातला एक गुडघेवाल्यांसाठी कमोडचा. कडी लावायची, दिवा लावायचा, पाहिजे तेवढा वेळ बसायचं. साप गेला, विंचू गेला, बॅटरीवाला गेला. सोबतही गेली. आमच्या सुना आत बसून फोन बघतात आणि त्या फोनवर, तिन्ही त्रिकाळ, कुणीतरी गोरी बाई रंगीत चटईवर पडून नेमका याच दुखण्याचा व्यायाम दाखवत असते. बघणारीला कळतं की हे जगात खूप जणींना होतं. शेजारच्या घरातल्या वहिनींना होतं की नाही, हे मात्र तिला ठाऊक नाही.

आता औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनाचं बघा. इथली पिंड जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद वाट, उभ्या पायऱ्या, वाकून, जवळजवळ बसत उतरायचं आणि तसंच चढायचं. ज्या बाईला पायरीगणिक थेंब निसटण्याची भीती, ती खाली उतरायचीच नाही. अंगावर ओल असताना देवाला कसं शिवायचं? वरूनच हात जोडायची आणि विचारलं तर गुडघ्यांचं निमित्त सांगायची. नामदेवांना देवळाच्या मागं जायला सांगितलं तर देऊळच फिरलं, अशी इथली कथा आहे. आमच्या बायका कुणी न सांगता स्वतःच मागं राहायच्या. त्यांच्यासाठी फिरायचं तरी कुणी?

आणि आज? आज दर्शनाची रांग शिस्तीत असते, माणूसभर उंचीचे कठडे असतात, शिवरात्रीला तर काही तास उभं राहावं लागतं. रांगेत शिरण्याआधी आम्ही दोनदा 'जाऊन येतो' आणि तरीही अर्ध्या रांगेतून बाहेर पडतो. विचारलं तर सांगतो, गुडघे. आमच्या गावात गुडघ्यांवर जेवढे खोटे आळ आले तेवढे कुणा चोरावरही आले नसतील.

बाळंतपणाची आठवण मात्र अशी हसून उडवता येत नाही. पहिलटकरीण माहेरी यायची. मधल्या घरातली अंधारी खोली रिकामी व्हायची, सुंभाची बाज टाकली जायची, बाजेखाली शेगडी. रोज सकाळी सुईण यायची. कोमट तेलानं डोक्यापासून तळपायापर्यंत रगडायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, मग निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. आजीचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याचा पट्टा पोटाला आवळून बांधायचा. खायला अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, लसूण-खोबऱ्याची चटणी. वर तोंडात बाळंतशेपा. पाचवीला सटवाईची पूजा. सव्वा महिना विहिरीवर जायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. तेलाचा, धुराचा, ओव्याचा तो एकत्र वास अजून कुठं आला तर आमच्यातली कुणीही डोळे मिटून सांगेल, कुठल्या घरात बाळंतीण आहे.

पण आता खरं सांगायचं तर हा थाट पहिल्या बाळंतपणाचा. दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला चतकोर. चौथ्याच्या वेळी तीच बाई बाराव्या दिवशी खुरपं घेऊन रानात. ज्यांच्या घरी डिंक परवडत नव्हता, त्यांचा सव्वा महिना मालकाच्या सवडीनं संपायचा. कळा नीट यायच्या आधीच 'जोर कर, जोर कर' म्हणून बाईला दमवायचं, वरून पोट दाबायचं, हेही त्याच सुईणीचे हात करायचे. धुरानं डोळे जायची पाळी, ताप आला तर बाहेरची बाधा; आणि कितीजणी त्या अंधाऱ्या खोलीतून उठल्याच नाहीत, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. पोटावरचा पट्टाही ज्या दुखण्याची गोष्ट आपण करतो आहोत त्याच्या कामाचा नव्हता. ते स्नायू पट्ट्याच्या खाली असतात, हाताला न लागणारे. पुढच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत ते झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांचा भार त्यावर. बाळ बाहेर येताना ते सगळ्यात जास्त ताणले जातात. पुढं जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, डोक्यावरचं ओझं आणि पाळी गेल्यानंतरचं वय त्यांना आणखी सैल करतं.

मग हळहळ कशाची? सव्वा महिना रोज एक बाई समोर बसून विचारायची, "पोरी, लघवी नीट होती का? खाली जड लागतंय का?" त्या विचारण्याची. तिच्याकडं औषध नव्हतं, तरी प्रश्न होता. आता महाराष्ट्रात १०० पैकी जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. बायका जगतात, लेकरं जगतात. याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. दोन-तीन दिवसांत बाळ, फाईल आणि लसीचं कार्ड घेऊन बाई घरी येते. त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, बाळानं शू केली का? आईला ते कुणी विचारत नाही.

या दुखण्यावरच्या संशोधनाचा इतिहास आमच्या इतिहासाशेजारी ठेवला तर गंमत वाटते. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ च्या ऑगस्टमध्ये एक निबंध छापला. बाळंतपणानंतर सैल झालेले हे स्नायू, दंडासारखेच, रोज आवळून-सोडून पुन्हा बळकट करता येतात, असं त्याचं म्हणणं. किती जोर लागतो ते मोजायला त्यानं एक छोटं यंत्रही केलं होतं. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. आमच्या आज्या त्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं दागिने पुरत होत्या. त्यांना कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरचा निबंध कोण वाचून दाखवणार? मराठवाडा मोकळा झाला. आज्या खांब धरूनच शिंकत राहिल्या.

मुंबईत मात्र त्या काळात याच दुखण्यावर जगानं शिकावं असं काम चाललं होतं. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, आणि त्यांच्यानंतर डॉ. बी. एन. पुरंदरे. खाली सरकलेलं गर्भाशय पट्टीनं वर टांगून धरण्याच्या दोघांच्या शस्त्रक्रिया त्यांच्याच नावानं पुस्तकांत गेल्या. मराठी माणसांची नावं, अभिमानाची गोष्ट. पण ती नावं औंढ्याच्या बांधावर कधी उच्चारली गेली नाहीत. तिथं फार तर एखाद्या वैद्यानं तेलात भिजवलेला कापसाचा पिचू ठेवायला सांगितलेला असायचा. चरकसंहितेत स्त्रियांचे वीस विकार मोजलेत आणि हा उपायही तिथलाच.

बांधावरची बोलणी शास्त्राच्या कागदावर यायला १९८९ साल उजाडलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की त्यातल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आहे. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाला धक्का बसला. आमच्या पिढीला बसला नाही. अंधारात बसून आम्ही तेवढी मोजणी केलेलीच होती, फक्त टक्क्यांत मांडता येत नव्हती.

त्यानंतर जे आलं त्याला प्रगती म्हणावं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही. पूर्वी बाई सांगायची नाही म्हणून उपचार होत नव्हते. आता बाईनं तोंड उघडलं की एकच उपचार होऊ लागला. "पिशवी काढून टाका." ओटीत दुखतंय, पिशवी काढा. पांढरं जातंय, पिशवी काढा. चाळिशी आली, आता पिशवीचं काय काम? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची बातमी गाजली, तेव्हा सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. काहींना खरंच गरज असेल. पण पिशवी गेली म्हणून झोळी घट्ट होत नाही. पुढं योनिमार्गाची भिंत खाली उतरू शकते. आमच्या आज्यांच्या वेळी डॉक्टर नव्हता म्हणून त्या वाचल्या, असं मी म्हणणार नाही. पण म्हणावंसं वाटतं, हे लपवणारही नाही.

ऑपरेशनचा उत्साह परदेशातही अंगाशी आला. योनिमार्गातून घालायची प्लास्टिकची जाळी मोठ्या थाटात आली होती. बायकांना वेदना सुरू झाल्या, जाळी आत रुतली, काढता येईना. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अंग खाली येण्यावर वापरल्या जाणाऱ्या तसल्या जाळ्यांची विक्री थांबवली. म्हणजे सगळा प्रवास करून जग पुन्हा केगेलच्या दारात: आवळा आणि सोडा.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या वेळी मुलीनं डॉक्टर व्हायचं म्हणजे सुया टोचणारी. ही सुई न टोचणारी डॉक्टर. दिवाळीला आली की स्वयंपाकघरात लाडू वळता वळता मला शिकवते. ती म्हणते, "मावशी, ह्यात आता मतं राहिली नाहीत, आकडे आहेत." २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेनं १४ देशांतल्या ३१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. शिंकताना-खोकताना लघवी निसटणाऱ्या बायकांपैकी, व्यायाम करणाऱ्या शंभरातल्या ५६ जणी 'बरं झालं' म्हणाल्या. न करणाऱ्यांतल्या ६. ब्रिटनमधली अधिकृत शिफारसच आहे, की आधी निदान तीन महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली हा व्यायाम करायचा. दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठदा आवळायचं. अंग खाली आलेलं असेल तर आत बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते आणि ती स्वतः काढून, धुऊन, पुन्हा बसवायला बाईला शिकवता येतं. शिकलेल्या बायकांना त्रास वाढत तर नाहीच, उलट गुंतागुंत कमी होते, असं ब्रिटनमध्येच २०२३ साली दिसलं. आणि एक युक्ती तर इतकी साधी की राग येतो. शिंक यायच्या आधी क्षणभर ते स्नायू आवळून धरायचे, मग शिंकायचं. मिशिगनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की आठवडाभराच्या सरावानं काही बायकांचं निसटणं यानं लक्षणीय कमी होतं.

हे ऐकून आमच्या मोठ्या काकू म्हणाल्या, "आत ओढून धरायचं होय? ते तर आम्ही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत करत होतो. मग आमचं का नाही घट्ट झालं?" भाचीला हसू आवरेना. ती म्हणाली, "काकू, तुम्ही धरूनच ठेवलंत, सोडलं कुठं? आवळणं निम्मं, सोडणं निम्मं." काकूंनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "सोडायची सोय नव्हती, माय."

घाई लागणाऱ्या बायकांची कथा वेगळी. त्यांना शिंक लागत नाही. नळ सोडला, कुलपात किल्ली घातली, की जायलाच पाहिजे. त्यांना घड्याळ शिकवतात: तासाला जायचं, मग सव्वा तासानं, मग दीड. आम्हाला आयुष्यभर चौदा-चौदा तास धरून ठेवायची शिक्षा झाली आणि आता पंधरा-पंधरा मिनिटांनी धरायचं शिक्षण घ्यायचं! त्यानंही भागलं नाही तर घोट्याच्या वर, जिथं आज्यांचे तोडे असायचे, तिथल्या नसेला बारीक सुईनं हलका विजेचा झटका देतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा आठवडे. तोड्यांची आणि या उपचाराची काही सोयरीक नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नाहीतर उद्या सकाळी व्हॉट्सअॅपवर 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणून तोड्याचा फोटो फिरू लागेल. हेच स्नायू आवळायच्या मूलबंधाचं आधीच फिरतं आहे. हठयोगात तो आहे, हे खरंच. पण आमच्या औंढ्यात एकाही आजीला कुणी मूलबंध शिकवला नाही. ज्ञान पोथीत होतं, दुखणं बांधावर होतं. आता पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीची आसनं अमेरिकेत २४० बायकांवर तपासली गेली. २०२४ मध्ये निकाल आला, की निसटणं निम्म्याहून जास्त कमी झालं. पण तुलनेला ज्यांनी नुसते साधे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम केले, त्यांचंही जवळपास तेवढंच. म्हणजे योगाचा झेंडा लावायचा की नाही, यावर दोन्ही पक्षांनी आपापलं बघून घ्यावं.

व्यायाम म्हणजे जादूही नव्हे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांची लघवी निसटते. त्यांना समोर बसवून शिकवल्यानं नुसत्या छापील माहितीपेक्षा फारसा फरक पडला नाही, असं २०११ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. आमच्या आजोबांना धोतर होतं, आजच्या आजोबांना डायपर आहे. आजीच्या लुगड्याच्या घड्या धुऊन गोठ्यामागं, कुणाला दिसू नयेत अशा, वाळत पडायच्या. डायपर काळ्या पिशवीत बांधून, कुणाला दिसू नये असा, घंटागाडीत जातो. लपवणं तेवढं पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं.

भाचीनं सांगितलेल्यातलं मला सगळ्यांत जास्त काय रुतलं ते सांगते. आकड्यांच्या या जगात लोकांनी यंत्रंही आणली: आत सेन्सर, समोर पडदा, पडद्यावर वर-खाली होणारी रेघ. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर हे करून बघितलं. २०२० मध्ये निकाल लागला, की यंत्र असलेल्या आणि नसलेल्या बायकांत दोन वर्षांनी काही फरक नाही. दोन्ही गटांना शिकवणारी बाई होती. त्याच वर्षी कॅनडातल्या चाचणीत साठी ओलांडलेल्या ३६२ बायका होत्या. काहींना एकेकटीनं शिकवलं, काहींना एकदा नीट दाखवून मग आठ-आठ जणींच्या घोळक्यात. वर्षभरानंतर एकट्यांचं निसटणं ७० टक्क्यांनी कमी झालं होतं, घोळक्यातल्यांचं ७४ टक्क्यांनी. घोळका कमी पडला नाही. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये, आमच्यासारख्याच शेतात राबलेल्या साठ ते पंचाहत्तर वयाच्या बायकांना असंच एकत्र जमवून व्यायाम दिला, तिथंही गुण आला. २०१९ मध्ये ते छापून आलंय. सात-आठ बायका, एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, एकमेकींना विचारतात: झालं का? कमी आहे का? जगातली विद्यापीठं पैसे घालून जे पुन्हा उभं करतायत, ते आमच्याकडं फुकट होतं. उलट बघितलं तर आमच्याकडं ते होतं आणि त्याला लावायला उपाय नव्हता. दोन्ही एकत्र काही आमच्या वाट्याला आलं नाही.

तसं संशोधनाला आमचा तालुका पारखा नाही. इथून जवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळल्याची थरथर, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढी, त्यात पकडली जाईल. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, हिंगोलीत, २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. विश्वाच्या कडेला झालेला धक्का औंढ्यात कळेल. वसमतच्या हळदीची पोती उचलणाऱ्या बाईला प्रत्येक पोत्याला बसणारा धक्का कुठल्या भुजेत मोजायचा, तेवढं ठरायचं आहे.

यंदा भाचीला आम्ही बचत गटाच्या बैठकीत बोलावलं. कर्जाच्या हप्त्यांचं झाल्यावर तिनं विषय काढला, चित्र दाखवलं आणि विचारलं, "कुणाकुणाला त्रास आहे?" एकही हात वर झाला नाही. वीस-पंचवीस बायका, सगळ्या ठणठणीत. बैठक संपली, चहा झाला, आणि मग एकेकीला आपली चप्पल सापडेनाशी झाली. एक चप्पल शोधत भाचीपाशी गेली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांतल्या दोघी सासू-सुना निघाल्या. त्या एका घरात राहून एकमेकींना नुसत्या लांबून बघत होत्या.

आठवड्यातून दोनदा जमायचं ठरलं. आता भांडण वेळेचं आहे. आमच्या वयाच्या म्हणतात, पहाटे पाच. डोकं शांत असतं, गडी माणसं झोपलेली असतात. सुना म्हणतात, पाचला कोण उठतं, दुपारी तीन ठेवा. मोठ्या काकू म्हणतात, दुपारी तोंडं दिसतात, बोलणार कोण? त्यावर एक सून म्हणाली, "मग खिडक्या लावून घेऊ." काकूंना ते पटलेलं नाही.